कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांचे युग आणि आज्ञावलीलेखनातील आनंद : एक विवेचन

सारांश

संगणकाची आज्ञावली लिहिणे हे केवळ रोजगाराचे साधन नसून ती एक आनंददायी बौद्धिक निर्मिती आहे, असे या क्षेत्रातील अनेक मान्यवरांनी प्रतिपादन केले आहे. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित सहायक साधने उपलब्ध झाल्यामुळे मागणी करताच तयार आज्ञावली मिळू लागली. अशा परिस्थितीत विद्यार्थ्याने व व्यावसायिकाने या आनंदाचे जतन कसे करावे, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात आज्ञावलीलेखनातील आनंदाचे स्वरूप, स्वयंचलनाचा इतिहास, उपलब्ध संशोधनाचे निष्कर्ष व कापरेकर स्थिरांकाचे एक उदाहरण यांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले असून प्रयोगशाळेत अमलात आणता येतील असे काही उपाय सुचविले आहेत.

बीजसंज्ञा : आज्ञावलीलेखन, कृत्रिम बुद्धिमत्ता, सहायक साधने, कापरेकर स्थिरांक, अध्यापनपद्धती

प्रस्तावना

जून २०२१ मध्ये 'गिटहब कोपायलट' हे साधन चाचणी स्वरूपात उपलब्ध झाले व जून २०२२ मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' प्रसिद्ध झाले. त्यानंतर अल्पावधीतच संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती असे साधन आले, की ज्याला साध्या भाषेत प्रश्न विचारला असता ते काही सेकंदांत पूर्ण आज्ञावली लिहून देते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कारपथी या संशोधकाने 'व्हाइब कोडिंग' हा शब्दप्रयोग रूढ केला. तयार झालेल्या आज्ञावलीचा तपशील न वाचताच केवळ सूचना देत पुढे जाण्याची पद्धत, असा त्याचा स्थूलमानाने अर्थ होय.

या बदलाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने दोन अंगांनी होते. पहिले अंग रोजगाराचे व दुसरे परीक्षेतील गैरप्रकारांचे. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेतच, परंतु त्यामुळे तिसरे एक अंग दुर्लक्षित राहते. विद्यार्थी एखाद्या विषयात दीर्घकाळ टिकून राहतो तो गुणांमुळे नव्हे, तर त्या विषयाची गोडी लागल्यामुळे. ही गोडी ज्या श्रमांतून निर्माण होते तेच श्रम यंत्राने परस्पर उचलले, तर गोडी कशी लागणार, हा प्रश्न केवळ संगणकशास्त्र विभागाचा नाही. भाषांतर, निबंधलेखन, सांख्यिकीय विश्लेषण, चित्रकला अशा सर्वच विषयांच्या अध्यापकांपुढे तो आज ना उद्या उभा राहणार आहे. आज्ञावलीलेखनात तो सर्वप्रथम व सर्वांत ठळकपणे दिसतो, एवढेच.

लेखाची उद्दिष्टे

१. आज्ञावलीलेखनातील आनंदाचे घटक स्पष्ट करणे.
२. पूर्वीच्या स्वयंचलनाहून सध्याचे सहायक कोणत्या बाबतीत भिन्न आहेत हे पाहणे.
३. सहायकांच्या वापरामुळे शिकण्यावर व आनंदावर होणारा परिणाम उदाहरणाद्वारे तपासणे.
४. महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोगे उपाय सुचविणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून माहिती दुय्यम साधनांतून घेतली आहे.

आज्ञावलीलेखनातील आनंदाचे स्वरूप

आयबीएम कंपनीच्या 'सिस्टम/३६०' या संगणकाच्या कार्यप्रणालीचे काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले, त्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हा ग्रंथ लिहिला. ग्रंथाचा मुख्य विषय मोठ्या प्रकल्पांचे व्यवस्थापन हा असला, तरी त्यांनी प्रारंभीच या व्यवसायातील आनंदाची पाच कारणे सांगितली आहेत. स्वतःच्या हाताने काही घडविण्याचा आनंद हे पहिले कारण. आपण घडविलेली वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पडते हे दुसरे. एकमेकांत गुंतलेल्या भागांची कोड्यासारखी रचना जुळवून ती चालताना पाहणे हे तिसरे. प्रत्येक काम काही तरी नवे शिकविते हे चौथे, आणि ज्या माध्यमात काम करावयाचे ते विचाराइतकेच लवचीक असते हे पाचवे. मात्र त्याच ठिकाणी त्यांनी या व्यवसायातील क्लेशही प्रांजळपणे नोंदविले आहेत. यंत्राला एका अक्षराचीही चूक चालत नाही, बारीकसारीक चुका शोधणे कंटाळवाणे असते, दुसऱ्याने लिहिलेल्या सदोष आज्ञावलींवर विसंबावे लागते आणि काम पूर्ण होईतो ते जुने झालेले असते.

डोनाल्ड क्नुथ यांनी १९७४ सालच्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात आज्ञावलीलेखनाला कलेचे स्थान दिले. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नौर यांनी १९८५ साली एक वेगळा व मूलगामी विचार मांडला. त्यांच्या मते आज्ञावली लिहिणे म्हणजे मजकूर निर्माण करणे नव्हे, तर एखाद्या प्रश्नाविषयीची समज स्वतःच्या मनात उभी करणे होय. कागदावरील वा पडद्यावरील ओळी ही त्या समजेची केवळ खूण असते. ज्यांच्या मनात ती समज होती ती माणसे निघून गेली, की आज्ञावली चालू असूनही एका अर्थाने मृत होते, कारण तिच्यात अर्थपूर्ण बदल करणारे कोणी उरत नाही.

ब्रुक्स व नौर यांचे विचार एकत्र ठेवले असता असे दिसते, की या आनंदाचा मोठा भाग निष्पत्तीत नसून प्रक्रियेत आहे. प्रश्न, प्रयत्न, अपयश, कारणाचा शोध आणि अखेर उलगडा या क्रमातून तो मिळतो. शेवटची पायरी तेवढी कोणी आणून दिली, तर उत्तर हाती येते पण उलगडा होत नाही.

स्वयंचलनाचा पूर्वेतिहास

यंत्राने माणसाचे काम हलके करणे ही गोष्ट संगणकक्षेत्राला नवीन नाही. मॉरिस विल्क्स यांनी आपल्या आत्मकथनात १९४९ मधील एक अनुभव नोंदविला आहे. केंब्रिज येथे 'एडसॅक' संगणकावर काम करीत असताना, आपल्या उर्वरित आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार आहे, याची जाणीव त्यांना झाली. त्या काळी यंत्राला समजणाऱ्या सांकेतिक सूचना माणसालाच लिहाव्या लागत. १९५२ मध्ये ग्रेस हॉपर यांनी 'ए-०' ही प्रणाली तयार केली व १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने 'फोरट्रान' ही भाषा उपलब्ध करून दिली. गणिती सूत्रासारखी दिसणारी ओळ लिहावी आणि तिचे यंत्रभाषेतील रूपांतर कंपायलरने करावे, अशी सोय त्यामुळे झाली. यंत्राने केलेले रूपांतर माणसाइतके कार्यक्षम असू शकेल काय, अशी शंका त्या वेळच्या अनेक जाणकारांनी व्यक्त केली होती. ती शंका फोल ठरली आणि आनंदही संपला नाही. तो एक पायरी वर सरकला एवढेच.

'आजही तसेच होईल' असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. त्यात तथ्य असले तरी दोन महत्त्वाचे भेद ध्यानात घ्यावयास हवेत. पहिला असा, की कंपायलर हा ठरलेल्या नियमांनी चालतो. भाषेच्या प्रत्येक ओळीचा अर्थ निश्चित असतो व त्या अर्थाची जबाबदारी लिहिणाऱ्याची असते. याउलट कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक हा प्रचंड प्रमाणातील मजकूर व आज्ञावलींवर प्रशिक्षित झालेले भाषा-प्रतिमान असतो. दिलेल्या संदर्भात पुढे काय येणे संभवनीय आहे, याच्या आधारे तो उत्तर रचतो. अलीकडचे सहायक स्वतः आज्ञावली चालवून पाहतात व चुका दुरुस्तही करतात, त्यामुळे त्यांची अचूकता वाढली आहे. तथापि सूचना मोघम असेल तर रिकाम्या जागा ते स्वतःच्या अंदाजाने भरतात आणि हे अंदाज विचारणाऱ्याच्या नजरेस येतीलच असे नाही.

दुसरा भेद अधिक मूलभूत आहे. कंपायलरने लिहिण्याचे कष्ट कमी केले, पण प्रश्नाची फोड करण्याचे काम माणसाकडेच राहिले. सहायक मात्र फोडही करून देतो. ब्रुक्स यांनी सांगितलेल्या पाच कारणांपैकी दुसऱ्याला, म्हणजे उपयुक्त वस्तू निर्माण करण्याला, त्यामुळे बळ मिळते. तिसरे कारण मात्र, म्हणजे कोडे जुळविणे, थेट धोक्यात येते आणि चौथे, म्हणजे शिकणे, वापरणाऱ्याच्या वृत्तीवर अवलंबून राहते.

एक उदाहरण : देवळालीचे कापरेकर आणि ६१७४

हा मुद्दा केवळ तात्त्विक पातळीवर न ठेवता एका लहान उदाहरणाने तपासणे उचित ठरेल. नाशिकजवळच्या देवळाली येथे शालेय शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा एक विलक्षण गुणधर्म शोधून काढला. चारही अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून जी संख्या होईल तीतून चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी. उदाहरणार्थ, ३५२४ ही संख्या घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, नंतर ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४ असे होऊन संख्या तेथेच स्थिरावते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांच्या कार्याचा परिचय करून दिल्यावर ते जगभर पोहोचले.

आता पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पुढील काम दिले आहे असे समजू. १००० ते ९९९९ मधील प्रत्येक संख्या किती पायऱ्यांत ६१७४ पर्यंत पोहोचते, हे काढणारी आज्ञावली लिहावी. विद्यार्थी दहाने भागत जाऊन अंक सुटे करतो, त्यांची मांडणी करतो, वजाबाकी करतो आणि '६१७४ येईपर्यंत पुन्हा कर' अशी आज्ञा देतो. आज्ञावली सुरू होते आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. ती थांबतही नाही.

चूक शोधण्यासाठी तो पहिली संख्या कागदावर घेतो. १००० मधून ०००१ वजा केले की ९९९ उरतात. आज्ञावलीच्या लेखी ९९९ ही तीन अंकी संख्या आहे. ९९९ मधून ९९९ वजा केले की शून्य येते व शून्याचे पुन्हा शून्यच होते. ६१७४ कधीच येणार नाही. येथे विद्यार्थ्याच्या लक्षात येते, की संख्या आणि संख्येचे लेखन या दोन भिन्न गोष्टी आहेत. गणिताच्या दृष्टीने ९९९ आणि ०९९९ एकच, परंतु कापरेकरांच्या क्रियेत डावीकडच्या शून्याला स्थान आहे. अंक चारच धरावयाचे असे ठरविताच ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि अखेर ६१७४, असा पाच पायऱ्यांचा मार्ग मोकळा होतो. या दुरुस्तीविना ज्या अडकल्या असत्या अशा संख्या या टप्प्यात ६८ आहेत. दुरुस्तीनंतर आज्ञावली झरझर पुढे जाते आणि ११११ या संख्येपाशी पुन्हा अडते. 'चारही अंक समान नसावेत' ही अट वाचताना किरकोळ वाटली होती, ती का घातली आहे हे आता उमगते.

दोन्ही अडथळे दूर झाल्यावर मिळणारे कोष्टक पाहण्यासारखे आहे. अटीत बसणाऱ्या संख्या ८९९१ आहेत. त्यांपैकी एकीलाही सातपेक्षा अधिक पायऱ्या लागत नाहीत. सर्वांत मोठा गट, २१२४ संख्यांचा, तीन पायऱ्यांत पोहोचतो आणि १९८० संख्यांना पुरत्या सात पायऱ्या लागतात. येथे साहजिकच 'असे का?' हा प्रश्न उभा राहतो. अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ मानले, तर वजाबाकी ९९९ गुणिले (क − घ) अधिक ९० गुणिले (ख − ग) एवढी येते. म्हणजे उत्तर चार अंकांवर नव्हे, तर केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे. अशा फरकांच्या जोड्या ५४ च संभवतात. ८९९१ संख्यांचा हा सारा पसारा पहिल्याच पायरीत ५४ संख्यांत सामावतो. संगणक हाताशी नसताना एका शाळामास्तराने कागद-पेन्सिलीने हे विश्व धुंडाळले, याचे मोल त्या क्षणी विद्यार्थ्याला जेवढे कळते तेवढे चरित्र वाचून कळणार नाही.

हेच काम सहायकाला सांगितले असता काय होते? काही सेकंदांत बिनचूक आज्ञावली मिळते. तीत डावीकडील शून्ये भरून घेणारे तयार फलन वापरलेले असते व समान अंकांच्या संख्या आधीच वगळलेल्या असतात. कोष्टक तेच येते. वरकरणी काहीच गमावलेले नाही. वस्तुतः १००० पाशी झालेला खोळंबा, ०९९९ चा शोध, ११११ चा अडसर आणि 'असे का?' हा प्रश्न, ही चारही स्थानके गाडी न थांबताच मागे पडली. या चार स्थानकांवरच आनंद होता.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याने हा प्रवास स्वतः केला आहे तो विद्यार्थी आता सहायकाला पुढचे विचारू शकतो. तीन अंकी संख्यांचे काय होते? पाच अंकी संख्यांत असाच एक स्थिरांक आहे काय? तीन अंकी संख्या ४९५ वर स्थिरावतात आणि पाच अंकी संख्यांत असा एकच स्थिरांक नसून त्या वेगवेगळ्या चक्रांत फिरत राहतात, हे त्याला सहायकाच्या मदतीने तासाभरात पडताळता येते. येथे तेच साधन आनंदात भर घालते. भेद साधनाचा नाही, क्रमाचा आहे. प्रयत्नाच्या आधी आलेले साहाय्य कोडे नाहीसे करते, प्रयत्नानंतर आलेले साहाय्य नवे कोडे पुढ्यात ठेवते.

उपलब्ध संशोधनाचे निष्कर्ष

सहायकांमुळे कामाचा वेग वाढतो काय, याविषयीचे पुरावे संमिश्र आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात ९५ व्यावसायिकांना जावास्क्रिप्ट भाषेत एक लहान वेब सर्व्हर लिहावयास सांगण्यात आले होते. 'कोपायलट' वापरणाऱ्या गटाने हे काम ५५.८ टक्के अधिक वेगाने पूर्ण केले. जुलै २०२५ मध्ये 'एमईटीआर' या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र वेगळे चित्र दिसले. १६ अनुभवी आज्ञावलीकारांनी स्वतःच्या परिचयाच्या मोठ्या प्रकल्पांतील २४६ कामे केली. साधने वापरण्याची मुभा असताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. विशेष म्हणजे, आपला वेळ सुमारे २० टक्क्यांनी वाचला असे त्यांना काम संपल्यावरही वाटत होते. हा अभ्यास २०२५ च्या पूर्वार्धातील साधनांपुरता व विशिष्ट प्रकारच्या कामांपुरता आहे, तेव्हा त्यावरून सरसकट अनुमान काढणे योग्य नव्हे. मात्र वेगाविषयीची आपली भावना व प्रत्यक्ष वेग यांत अंतर असू शकते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

शिक्षणाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक अभ्यास तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेतील आहे. सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या या प्रयोगाचा विषय गणित हा होता. सरावाच्या वेळी नेहमीचा संवादी सहायक वापरणाऱ्या गटाची कामगिरी ४८ टक्क्यांनी, तर थेट उत्तर न देता इशारे देणारा सहायक वापरणाऱ्या गटाची १२७ टक्क्यांनी सुधारली. नंतर साधन काढून घेऊन परीक्षा घेतली असता पहिला गट, ज्यांना साधन कधीच मिळाले नव्हते त्यांच्याहूनही १७ टक्क्यांनी मागे पडला. इशारे देणाऱ्या सहायकाच्या बाबतीत हे नुकसान जवळजवळ भरून निघाले.

या निष्कर्षांना जुना आधारही आहे. लिझान बेनब्रिज यांनी १९८३ साली 'आयर्नीज ऑफ ऑटोमेशन' या लेखात कारखान्यांतील स्वयंचलनासंबंधी एक विसंगती दाखवून दिली होती. सोपी कामे यंत्राकडे गेली की माणसाकडे केवळ अवघड प्रसंग उरतात, परंतु त्या प्रसंगांना तोंड देण्याचे कौशल्य ज्या सोप्या कामांतून अंगी बाणते तीच त्याच्या हातून गेलेली असतात. सहायकाने लिहिलेली आज्ञावली तपासण्याची जबाबदारी ज्याच्यावर येते, त्याला ही विसंगती तंतोतंत लागू पडते.

आपल्या प्रयोगशाळांची स्थिती

येथे एक अप्रिय बाब मान्य करणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेतील आनंद कृत्रिम बुद्धिमत्तेने हिरावून नेला, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. अनेक ठिकाणी तो तत्पूर्वीच क्षीण झाला होता. वर्षानुवर्षे न बदललेली प्रात्यक्षिकांची यादी, मागील वर्षाच्या विद्यार्थ्याचे जर्नल समोर ठेवून केलेले लेखन, अंतिम परीक्षेपूर्वी एकाच दिवशी घेतलेल्या स्वाक्षऱ्या व ठरावीक प्रश्नांची मौखिक परीक्षा, या गोष्टी कोणाही अध्यापकाला अपरिचित नाहीत. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर फिरणारी वही आणि आजचा सहायक यांत नक्कल करणाऱ्याच्या दृष्टीने फरक केवळ सोयीचा आहे. सहायकाने ही उणीव निर्माण केली नाही, ती झाकली जाणे अशक्य करून टाकले. त्या अर्थाने ही आपत्ती सुधारणेची संधीही आहे.

दुसरी बाजू अशी, की मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला कंपायलरचे इंग्रजी त्रुटीसंदेश हा नेहमीच अडथळा ठरत आला आहे. संदेशाचा अर्थ न कळल्याने हताश होऊन बसण्यापेक्षा तो सहायकाकडून मराठीत समजून घेता येणे, हा मोठाच दिलासा होय. ब्रुक्स यांनी नोंदविलेल्या क्लेशांपैकी काही अशा रीतीने हलके होत असतील, तर त्यांचे स्वागतच केले पाहिजे. प्रत्येक श्रमात आनंद असतो असे नाही. कोणता श्रम टाकून द्यावयाचा व कोणता राखून ठेवावयाचा, हा विवेक शिकविणे हेच आता अध्यापकाचे काम आहे.

उपाययोजना

१. प्रश्नांची निवड : ज्या प्रश्नाचे उत्तर जाणून घेण्याची विद्यार्थ्याला स्वतःला इच्छा आहे, असा प्रश्न निवडावा. तालुक्याच्या पावसाच्या नोंदी, बचतगटाचा हिशेब, गणेशोत्सव मंडळाची वर्गणी, कापरेकरांच्या संख्या असे विषय सहज उपलब्ध आहेत. आयआयटी मुंबईत अध्यापन केलेले अभिराम रानडे यांनी सी++ वरील आपल्या पाठ्यपुस्तकात पडद्यावर कासव चालवून आकृती काढण्यापासून प्रारंभ केला आहे. पहिल्याच तासाला डोळ्यांना दिसणारे काही घडते, हे त्या पद्धतीचे बळ आहे.

२. सहायकविरहित काल : प्रत्येक प्रात्यक्षिकाचा पहिला अर्धा भाग सहायकाविना असावा. त्यात केवळ कागद, संगणक व शेजारचा सहाध्यायी यांची मदत घ्यावी. उत्तरार्धात सहायक खुला करावा व त्याच्याशी स्वतःच्या उत्तराची तुलना करावी.

३. आधी भाकीत, मग कृती : आज्ञावली चालविण्यापूर्वी तिचे उत्तर काय येईल हे लिहून ठेवण्याची सवय लावावी. भाकीत चुकले की कुतूहल जागे होते. सहायकाने दिलेल्या आज्ञावलीलाही हाच नियम लावावा.

४. चुकांची वही : जर्नलमध्ये केवळ बिनचूक आज्ञावली न मागता विद्यार्थी कोठे अडला, त्याने काय तर्क केला व उलगडा कसा झाला याची नोंद मागावी. १००० पाशी अडकलेल्या विद्यार्थ्याची नोंद कोष्टकाइतकीच गुणपात्र मानावी.

५. मौखिक परीक्षेचे स्वरूप : व्याख्या विचारण्याऐवजी आज्ञावलीतील एक अट बदलून 'आता काय होईल?' असे विचारावे. ज्याच्या मनात नौर यांनी सांगितलेली समज उभी आहे त्याला याचे उत्तर देता येते, मग आज्ञावलीच्या ओळी कोणीही लिहिलेल्या असोत.

६. सहायकाची भूमिका : 'उत्तर सांगू नकोस, मला प्रश्न विचार' किंवा 'केवळ एक इशारा दे' अशी सूचना देऊन सहायक वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे. तुर्कस्तानातील प्रयोगाचा धडा हाच आहे.

७. अध्यापकाचा सहभाग : वर्षातून काही वेळा तरी अध्यापकाने पूर्वतयारीविना वर्गापुढे आज्ञावली लिहावी, अडावे आणि मार्ग शोधावा. जाणकार माणूसही अडतो व अडण्यात कमीपणा नाही, हे पाहून विद्यार्थ्याची भीती कमी होते.

अर्थात या उपायांना मर्यादा आहेत. एका तुकडीतील विद्यार्थ्यांची मोठी संख्या, अपुरे संगणक आणि विद्यापीठाने ठरविलेला अभ्यासक्रम यांमुळे सर्व उपाय सर्वत्र लागू करता येतील असे नाही. तथापि तिसरा, चौथा व पाचवा उपाय यांना कोणताही खर्च लागत नाही व अभ्यासक्रमात बदलही करावा लागत नाही.

बुद्धिबळाचा दाखला

यंत्र माणसाहून सरस ठरले की त्या क्षेत्रातील मानवी आनंद संपतो, या भीतीला बुद्धिबळाचा दाखला पुरेसे उत्तर देतो. १९९७ मध्ये 'डीप ब्लू' या संगणकाने गॅरी कास्पारोव्ह यांचा पराभव केला. आज सामान्य भ्रमणध्वनीवरील आज्ञावलीही जगज्जेत्याला हरवू शकते. असे असूनही खेळ थांबला नाही. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तो याच युगात. आजचे खेळाडू सराव व विश्लेषण यांसाठी संगणकाचा मुक्तहस्ते वापर करतात, परंतु प्रत्यक्ष डावात त्याला प्रवेश नसतो. पटावर बसल्यावर विचार स्वतःलाच करावा लागतो. साधन कोठे घ्यावयाचे व कोठे दूर ठेवावयाचे याची रेषा त्या क्षेत्राने स्वतः आखली आणि म्हणून खेळाची गोडी टिकली. आज्ञावलीलेखनाच्या शिक्षणात ती रेषा अद्याप आखली गेलेली नाही.

निष्कर्ष

१. आज्ञावलीलेखनातील आनंद हा प्रामुख्याने प्रक्रियेत व समज उभी राहण्यात आहे, तयार मजकुरात नाही.
२. पूर्वीच्या स्वयंचलनाने लेखनाचे श्रम कमी केले. सध्याचे सहायक प्रश्नाची फोडही करून देतात, म्हणून जुना अनुभव जसाच्या तसा लागू होत नाही.
३. साहाय्य प्रयत्नाच्या आधी मिळाले तर ते शिकणे व आनंद दोन्ही कमी करू शकते, प्रयत्नानंतर मिळाले तर दोन्हींत भर घालू शकते.
४. प्रात्यक्षिक, जर्नल व मौखिक परीक्षा यांतील जुने दोष दूर केल्याविना केवळ सहायकांवर बंदी घालून काही साध्य होणार नाही.

समारोप

देवळालीच्या शिक्षकाला ६१७४ चा शोध लावण्याची सक्ती कोणी केली नव्हती. त्यामागे परीक्षा नव्हती, नोकरी नव्हती, मानधनही नव्हते. संख्यांशी खेळण्याचा आनंद एवढेच त्याचे प्रयोजन होते. यंत्र आता उत्तरे देण्यात आपल्याहून वेगवान झाले आहे, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. परंतु पडद्यावर काहीच उमटत नाही तेव्हा कागद पुढे ओढून १००० मधून ०००१ वजा करून पाहावेसे वाटणे, ही ओढ यंत्र कोणाच्या वतीने बाळगू शकत नाही. ती ओढ विद्यार्थ्यात निर्माण व्हावी इतका वेळ व इतकी मोकळीक प्रयोगशाळेत राखून ठेवणे, हे आजच्या अध्यापकाचे प्रथम कर्तव्य होय.